केसरबाईंच्या आधी वाजणारं वाद्य

१९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका अंतराळात गेली, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे ते केसरबाई केरकरांमुळे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी त्या तबकडीवर आहे. पण त्या भैरवीच्या लगेच आधी काय वाजतं, हे फारसं कुणी सांगत नाही. तिथे गुछिन आहे. सात तारांचं चिनी वाद्य, वादक ग्वान पिंगहू, रचना 'ल्यू श्वे', म्हणजे वाहतं पाणी. लांबी ७ मिनिटं ३७ सेकंद. अख्ख्या तबकडीवर इतकी मोठी दुसरी रचना नाही. अमेरिकेत राहणारे संगीतकार चौ वेन-चुंग यांना विचारलं, चीनची कोणती एक रचना घ्यावी? त्यांनी क्षणभरही न थांबता हीच सुचवली.

आधी वाद्याची नीट ओळख. मूळ नाव नुसतं 'छिन'. त्याचा चीन देशाच्या नावाशी संबंध नाही. 'गु' म्हणजे जुनं, आणि ते विशेषण पुष्कळ नंतर चिकटलं. याला कुणी 'चिनी सतार' म्हटलेलं वाचलं की वाईट वाटतं, कारण याला पडदे नाहीत. गुझंग नावाचं, तारांखाली घोड्या असलेलं वाद्यही पुष्कळदा गुछिन समजून दाखवलं जातं, ते वेगळं. गुछिन म्हणजे साधारण चार फूट लांबीची, आतून पोकळ केलेली अरुंद लाकडी पेटी. वर हलकं लाकूड, खाली कठीण. त्यावर हरणाच्या शिंगाची भुकटी मिसळलेल्या लाखेचे थर. शेकडो वर्षांनी त्या लाखेला बारीक तडे जातात. सापाच्या पोटासारखे, गाईच्या केसांसारखे अशी त्यांची वर्णनं आहेत आणि जाणकार त्यावरून वाद्याच्या वयाचा अंदाज बांधतात. कडेने शिंपल्याचे तेरा ठिपके बसवलेले असतात. त्या जागी तारेला बोट नुसतं टेकवलं तर घंटेसारखा पातळ स्वर निघतो. बोट दाबून सरकवलं तर आपल्या कानाला ओळखीची वाटावी अशी मींड ऐकू येते. आवाज मात्र इतका लहान की शेजारच्या खोलीत पोहोचणार नाही.

तो लहान आवाज समजून घेतल्याशिवाय या वाद्याचा इतिहास कळत नाही. छिन हे सभेसाठी नव्हतंच. छिन, बुद्धिबळासारखा पटावरचा खेळ, सुलेखन आणि चित्रकला या चार कला सुशिक्षित माणसाला याव्यात अशी अपेक्षा असे, आणि त्यात छिनचं नाव पहिलं. ऐकणारा बहुधा एकटा, तोही मित्र. बो या आणि जोंग त्झूची यांची कथा चिनी मुलांना शाळेतच कळते. बो या मनात पर्वत आणून वाजवी तेव्हा त्झूचीला पर्वत दिसे. पाणी आणून वाजवी तेव्हा पाणी. त्झूची गेला आणि बो याने तारा तोडल्या, पुन्हा वाद्याला हात लावला नाही. जिवलग मित्रासाठी चिनी भाषेत आजही 'स्वर जाणणारा' हाच शब्द आहे. 'ल्यू श्वे' हे नाव याच कथेतून आलं.

कथा सोडून जमिनीतून निघालेला पुरावा पाहिला तरी काळ मोठाच आहे. हूपै प्रांतात झंग राज्याचा शासक यी याची इ.स.पू. ४३३ च्या सुमाराची कबर १९७८ साली उघडली, तेव्हा त्यात दहा तारांचं छिन निघालं. मावांगत्वी इथल्या इ.स.पू. १६८ च्या कबरीतल्या वाद्याला सात तारा आहेत.

मला सगळ्यात जास्त ओढ लावते ती याची लिपी. सुरुवातीला प्रत्येक हालचाल वाक्यात लिहीत. अशी एकच रचना उरली आहे, 'एकांतातलं ऑर्किड'. तिची सातव्या शतकाच्या आसपासची हस्तलिखित गुंडाळी चीनमध्ये नव्हे, जपानमध्ये जपली गेली. एका रचनेला जवळपास ५ हजार अक्षरं! थांग काळात (सातवं ते दहावं शतक) हे सगळं आटवून एकेका जोडाक्षरात बसवलं गेलं. असं एक अक्षर जवळून पाहा: वरच्या भागात 'अंगठा' आणि 'नऊ', खाली एक आकडी आणि तिच्या पोटात 'चार'. अर्थ असा की डाव्या हाताचा अंगठा नवव्या ठिपक्यावर, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने चौथी तार आत ओढायची. तार, जागा, बोट, आघात सगळं लिहिलेलं. फक्त किती वेळ थांबायचं ते लिहिलेलं नाही.

हा त्या लिपीचा दोष मानतात. मला तसं वाटत नाही. लय गुरूकडून यायची आणि लिपी हाताला आठवण करून द्यायची. आपल्याकडे बंदिशीच्या वहीत तरी दुसरं काय असतं? अडचण येते ती गुरूची साखळी तुटल्यावर. मग वादक जुनी पोथी समोर ठेवून महिनोन् महिने, कधी वर्षं, एकेका हालचालीची लय शोधत बसतो. या कामाला 'दापू' म्हणतात.

'ग्वांगलिंग सान' या रचनेचं तेच झालं. तिसऱ्या शतकातला कवी जी कांग याला मृत्युदंड झाला. वधस्थानी त्याने सावली किती सरकली ते पाहिलं, छिन मागवलं, ही रचना वाजवली आणि म्हणाला, आता ग्वांगलिंग सान संपलं. पण ती संपली नाही. मिंग राजपुत्र जू च्वान याने १४२५ मध्ये छापवलेल्या संग्रहात ती आहे, ४५ भागांची. तिच्यात दुसरी तार उतरवून पहिलीच्या स्वराला आणतात. पहिली तार राजा, दुसरी मंत्री असा संकेत होता. त्यामुळे बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ जू शी हिच्यावर रागावला: मंत्री राजाच्या बरोबरीला बसला, हे कसलं संगीत!

१९५० च्या दशकात ही रचना पुन्हा हातात आणली ती ग्वान पिंगहू यांनी. दरबारी चित्रकाराचा हा मुलगा बरीच वर्षं पेकिंगमध्ये गरिबीत राहिला, चित्रं काढून आणि लाखेचं काम करून पोट भरत. लाखकाम येत असल्यामुळेच जुनी वाद्यं दुरुस्त करायला लोक त्यांच्याकडे वळत. राजवाड्यात ७५६ सालचं एक छिन होतं. छतातून गळलेल्या पाण्याने त्यावर मातीचा थर चढला होता आणि त्याची नोंद 'मोडकं छिन' अशी झाली होती. ते ग्वान यांनी स्वच्छ केलं तेव्हा खालची लाख शाबूत निघाली.

त्याच दशकात, १९५६ मध्ये, छिनवादक जा फूशी आणि त्यांच्या सोबत्यांनी शहरोशहरी फिरून वादक शोधले. एवढ्या मोठ्या देशात ध्वनिमुद्रण झालं ते ऐंशीच्या थोड्या वर वादकांचं. त्या फेरीनंतर दहाच वर्षांत सांस्कृतिक क्रांती आली आणि छिन हे सरंजामी जमान्याचं खेळणं ठरलं. ती फेरी निघाली नसती तर काय उरलं असतं, या विचाराने अंगावर काटा येतो. ग्वान १९६७ मध्ये गेले. २००३ मध्ये युनेस्कोने गुछिनला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला, तेव्हाच्या नोंदीत हजारो रचनांपैकी नेहमी वाजणाऱ्या जेमतेम शंभर उरल्या आहेत असं म्हटलं आहे.

आज शिकणाऱ्यांची संख्या खूप वाढली आहे. पण बहुतेकांच्या वाद्यावर नायलॉन गुंडाळलेली पोलादी तार असते. तिचा आवाज मोठा आणि गुळगुळीत. रेशमी तार तुटते, उतरते आणि तिच्यावरून बोट सरकताना एक बारीक खरखर होते. ग्वान यांचं 'ल्यू श्वे' ऐका. एकोणिसाव्या शतकात जांग कोंगशान याने या रचनेत तारांवरून बोटं लोळवत नेणारा लांबलचक भाग घातला. आधी ओहोळ, मग खडकांवर आपटणारी नदी. त्या सगळ्याच्या खालून रेशमावर घासणारं बोट ऐकू येतं. ती खरखरही तबकडीवर कोरली गेली आहे. ती थांबते आणि केसरबाईंची भैरवी सुरू होते.