देखरेख आणि सोबत

एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी कोणती यंत्रे घ्यावीत, याची एक यादी परदेशी स्थायिक झालेली मुले एकमेकांना आवर्जून पाठवतात आणि तिला हमखास ‘एकटेपणावर उपाय’ असे नाव दिलेले असते. यादीत दारावरचा कॅमेरा असतो, दिवाणखान्यातला कॅमेरा असतो, पडल्यास कळवणारे घड्याळ असते, गळ्यात अडकवायचे मदतीचे बटण असते आणि शेवटी एक टॅब असतो. यांपैकी पहिल्या चार वस्तूंचा एकाकीपणाशी काडीचाही संबंध नाही. पाचवीचा असू शकतो, पण असेलच असे नाही. त्या वस्तू देखरेखीच्या आहेत, आणि देखरेखीला सोबत म्हणण्याची चूक इतकी रूढ झाली आहे की हा फरक एकदा नीट मांडायला हवा.

देखरेखीबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण ती बहुतेकांना नीट कळते. २०१८ पासून अॅपलच्या घड्याळात अशी सोय आहे की माणूस जोरात पडला आणि सुमारे मिनिटभर हालला नाही, तर ते आपत्कालीन सेवेला स्वतःहून फोन लावते. स्नानगृहात पाय घसरण्याची धास्ती ज्या घरात आहे, तिथे असे काहीतरी जरूर असावे. किंमत, वायफाय, चार्जिंग यांवर वाद घालणाऱ्यांनी तो खुशाल घालावा. घोटाळा तिथे होत नाही.

घोटाळा होतो तो असा. देखरेखीचे यंत्र आईची माहिती मुलाला देते, म्हणून त्याने मुलाची काळजी कमी होते. आईचे एकाकीपण हा निराळा प्रश्न आहे. कॅमेऱ्यातून मुलाला आई दिसते, पण आईला मुलगा दिसत नाही. तिला दिसतो तो छताजवळचा लुकलुकणारा दिवा. शिवाय देखरेखीचे यश म्हणजे काहीही न घडणे. महिनाभर बटण दाबले गेले नाही, घड्याळाने सूचना दिली नाही, तर सगळे ठीक आहे असे आपण समजतो आणि ते बरोबरही असते. सोबतीचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे, कारण महिनाभर काहीच घडले नाही, हीच तर एकाकी माणसाची तक्रार असते.

याहून वाईट गोष्ट ही की देखरेख हळूहळू सोबतीची जागा खाते. पूर्वी खुशाली कळण्यासाठी फोन करावा लागे आणि फोन केला की खुशालीच्या निमित्ताने शेजारच्या लग्नाचे, गच्चीतल्या गळतीचे, न मिळालेल्या हापूसचेही बोलणे होई. आता सकाळी कॅमेरा उघडला, आई देवपूजा करताना दिसली, की ‘बरी आहे’ असे म्हणून फोन राहून जातो. मुलाला वाटते आपण आईच्या जवळ आहोत. आईला एवढेच कळते की फोन कमी झाले.

जपानच्या झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये चहाच्या पाण्याची एक विजेची किटली आणली, तिचे उदाहरण इथे बोलके आहे. वृद्ध व्यक्तीने किटली वापरली की त्याची नोंद दूर राहणाऱ्या कुटुंबाला ईमेलने मिळे. ही निखळ देखरेख आहे, आणि मला ती कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी सभ्य वाटते, कारण तिला चहा झाल्याचे कळते, पण चहा पिणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. ती नोंद पाहून कोणी ‘आज चहाला उशीर झाला वाटतं?’ असा फोन केला, तर तीच किटली सोबतीचे निमित्त होईल. नोंद पाहून ईमेल मिटवला, तर ती देखरेखच राहील.

म्हणजे फरक यंत्राच्या जातीत नाही, आणि म्हणूनच व्हिडिओ कॉल ही सर्वांत फसवी वस्तू आहे. ‘जेवलीस का? गोळी घेतलीस का? बाई आली होती का?’ या तीन प्रश्नांचा व्हिडिओ कॉल म्हणजे चेहरा दाखवून केलेली तपासणी होय. त्यात आईने हो किंवा नाही म्हणायचे असते. ‘आई, भरल्या वांग्यांत चिंच घालायची की आमसूल?’ हा प्रश्न साध्या फोनवर विचारला तरी ती सोबत असते, कारण इथे आईकडे काहीतरी आहे आणि ते कोणाला तरी हवे आहे. चौकशीत माणूस विषय होतो, गप्पांत तो बोलणारा राहतो. ‘आईला अलेक्सा घेऊन दिली आहे, आता ती एकटी नसते,’ असे म्हणणाऱ्यांनी अलेक्साला आईकडून नेमके काय हवे असते, याचा विचार करावा.

वृद्धांकडून काही हवे असणे किती परिणामकारक ठरू शकते, याचा नमुना २००९ मध्ये दिसला. शिक्षणतज्ज्ञ सुगत मित्रा यांच्या आवाहनानंतर ब्रिटनमधले अनेक निवृत्त शिक्षक स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारू लागले आणि ‘ग्रॅनी क्लाउड’ या नावाने ओळखला गेलेला हा उपक्रम पुढे आपल्या फलटणपर्यंत पोहोचला. तो मुलांच्या शिक्षणासाठी होता, आजींच्या एकाकीपणासाठी नव्हता, आणि माझ्या मते त्याचे बळ त्यातच होते.

व्हॉट्सअॅपवरच्या फुलांच्या ‘शुभ सकाळ’ची टिंगल करणाऱ्यांचाही मला राग येतो. ज्येष्ठ नागरिक संघाच्या गटात ते चित्र म्हणजे हजेरी असते. एखाद्याचे फूल दहा वाजेपर्यंत आले नाही, तर कोणीतरी फोन करतो किंवा दार वाजवतो. ती देखरेखच आहे, पण बरोबरीच्या माणसांनी एकमेकांची केलेली, आणि तिच्या पाठोपाठ माणूस येतो.

यंत्राने सोबत होऊच शकत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या ‘प्रिझम’ चाचणीत ६५ वर्षांवरील, एकट्या राहणाऱ्या ३०० जणांपैकी काहींना ईमेल, छायाचित्रे, खेळ असलेली सोपी संगणक प्रणाली दिली आणि बाकीच्यांना तशीच माहिती छापील स्वरूपात दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी संगणकवाल्यांचे एकाकीपण अधिक कमी झालेले आढळले. वर्षअखेरीस मात्र तो फरक टिकला नव्हता. टॅब कुरिअरने पाठवून कर्तव्य संपले असे मानणाऱ्यांनी हा दुसरा निष्कर्षही वाचावा.

टॅब घेतलाच असेल, तर त्यावर एक वेळ ठरवावी. पुण्यात सकाळचे सात वाजतात, तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. आईच्या हातात ताजे वर्तमानपत्र आणि मुलाची जेवणे उरकलेली. तिने शब्दकोड्यातले आडवे शब्द वाचावेत, त्याने उभे शोधावेत, आणि त्याचे मराठी कच्चे झाले असल्यास तिला हसू द्यावे.