झिरोच्या दिव्यातला आरसा

आमच्या जुन्या घरी लोखंडी कपाटाचा आरसा बरोब्बर पलंगासमोर यायचा. निजानीज व्हायच्या आधी आजी त्यावर आजोबांचं जुनं धोतर टाकायची. का, विचारलं तर म्हणायची, "रात्री आरशात बघू नये." विषय संपला.

पलंगासमोर आरसा नको, असं वास्तुवालेही सांगतात आणि फेंगशुईवालेही. ज्यू घरांत माणूस गेल्यावर सात दिवसांच्या सुतकात आरसे झाकतात. या सगळ्यांची कारणं वेगवेगळी आहेत, ती एका पोत्यात भरण्यात अर्थ नाही. पण 'रात्री आरशात भलताच कुणीतरी दिसतो' ही गोष्ट तपासून बघता येते, आणि ती बघितली गेली आहे.

इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठातल्या जोव्हानी कापुतो यांनी ५० जणांना, एकेकाला, अंधाऱ्या खोलीत आरशासमोर बसवलं. आरसा हातभरावर, पाठीमागे २५ वॅटचा दिवा. दहा मिनिटं स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं, बस. २०१० साली निष्कर्ष छापून आले. ६६ टक्के लोकांना आपला चेहरा भयंकर वेडावाकडा झालेला दिसला, २८ टक्क्यांना अनोळखी माणूस, १८ टक्क्यांना आई किंवा वडील, आणि ४८ टक्क्यांना चक्क राक्षसी किंवा अद्भुत आकृत्या. (एकेकाला दोन-तीन प्रकारही दिसले, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते.) बहुतेकांना हे दिसायला मिनिटभरही लागलं नाही.

याचा एक धागा १८०४ सालात सापडतो. ट्रॉक्सलर या स्विस वैद्यांच्या लक्षात आलं, की नजर एका बिंदूवर खिळवली की आजूबाजूच्या न हलणाऱ्या गोष्टी विरत जातात. तेच ते चित्र पुन्हा पुन्हा आलं की दृष्टीच्या चेतापेशी प्रतिसाद देणं कमी करतात. उजेड मंद असेल तर हे आणखी लवकर होतं. पण विरणं वेगळं आणि नवा चेहरा उगवणं वेगळं. ट्रॉक्सलर यांच्या निरीक्षणाने दुसरी गोष्ट उलगडत नाही. चेहरे ओळखणारी मेंदूतली यंत्रणा अर्धवट तुकड्यांची चुकीची जुळणी करत असावी, असा तर्क आहे. मला तो पटतो, पण तो अजून तर्कच आहे.

आता आपल्या घरातला झिरोचा दिवा आठवा. नाव झिरो, तरी जुना तारेचा असेल तर बारा-पंधरा वॅट खातो. म्हणजे प्रयोगाची निम्मी मांडणी आपल्याकडे रोज रात्री तयारच असते.

मी करून बघितलं. डाव्या डोळ्यावर नजर लावून बसलो. आधी कान गेले, मग हनुवटी. गाल खाली ओघळल्यासारखे झाले आणि नाकाच्या जागी नुसती सावली उरली. मानेवर काटा आला, हे कबूल करतो. मग डोळे मिचकावले, आणि चेहरा होता तिथे परत आला, दाढी वाढलेला.