स्टीव्हन्स कोण आणि स्टीफन्स कोण?

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल, म्हणजे 1861 ते 1865 मधल्या उत्तर विरुद्ध गुलामगिरीवाली दक्षिण या लढाईबद्दल, कानांनी ऐकायला बसलं की हा घोळ हमखास होतो. थॅडियस स्टीव्हन्स आणि अलेक्झांडर स्टीफन्स. स्पेलिंग वेगळं, पण अमेरिकन माणसाच्या तोंडी दोन्ही आडनावं ‘स्टीव्हन्स’च. म्हणून इथे पहिली नावंच वापरतो.

घोळात भर म्हणजे दोघांची चरित्रंही एका साच्यातली वाटतात. बालपण गरिबीतलं. थॅडियसचा बाप घर सोडून गेलेला, अलेक्झांडर चौदाव्या वर्षी पोरका झालेला. दोघेही शिकून वकील झाले, तेव्हाच्या व्हिग पक्षातून प्रतिनिधिगृहात (अमेरिकन संसदेच्या खालच्या सभागृहात) गेले, जन्मभर अविवाहित राहिले. 1849 ते 1853 तर दोघे एकाच सभागृहात बसत होते. शरीराची साथ दोघांनाही नव्हती. थॅडियसचा एक पाय जन्मापासून वाकडा, तर अलेक्झांडरचं वजन जेमतेम 45 किलो.

थॅडियस उत्तरेतल्या पेनसिल्व्हेनियाचा, अलेक्झांडर दक्षिणेतल्या जॉर्जियाचा. पण नुसती राज्यं पाठ करून फरक कळत नाही. त्यासाठी 21 मार्च 1861 ला सव्हाना शहरात जावं लागतं. दक्षिणेतल्या राज्यांनी फुटून वेगळं राष्ट्र जाहीर केलं होतं आणि अलेक्झांडर त्याचा उपाध्यक्ष होता. त्या दिवशी भाषणात तो म्हणाला की सगळे वंश समान आहेत हे जुन्या पिढीचं गृहीतकच चुकीचं होतं. आमच्या सरकारची कोनशिला बसवली आहे ती काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही या गोष्टीवर. इतक्या उघडपणे. युद्ध हरल्यावर मात्र त्याने दोन जाडजूड खंड लिहून लढाई गुलामगिरीसाठी नव्हे, राज्यांच्या हक्कांसाठी होती असं मांडलं. आजही कुणी हा युक्तिवाद करायला लागलं, तर सव्हानाचं भाषण समोर ठेवावं.

थॅडियसवरचा डागही लपवू नये. चॅरिटी बटलर नावाच्या काळ्या बाईने आपल्या आणि मुलांच्या सुटकेसाठी दावा लावला, तेव्हा तो मालकाच्या बाजूने उभा राहिला आणि 1821 मध्ये जिंकला. ती बाई गुलामगिरीतच राहिली. पुढे हाच वकील पळून आलेल्या गुलामांसाठी कोर्टात लढू लागला. मला त्याचा आदर वाटतो तो या बदलामुळे.

युद्धानंतर दोघे पुन्हा एकमेकांच्या वाटेत आले. डिसेंबर 1865 मध्ये प्रतिनिधिगृहाची हजेरी झाली, तेव्हा दक्षिणेच्या सदस्यांची नावं पुकारलीच गेली नाहीत. त्यामागे थॅडियस होता. पुढच्याच महिन्यात जॉर्जियाने अलेक्झांडरला सिनेटवर, म्हणजे वरच्या सभागृहावर, निवडून दिलं; त्यालाही बसू दिलं नाही. कायद्यापुढे सर्वांना समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती पुढे रेटणाऱ्यांत थॅडियस आघाडीवर होता. शेवटी शेवटी तर त्याला खुर्चीत बसवून, उचलून सभागृहात आणत. ऑगस्ट 1868 मध्ये तो गेला.

1873 मध्ये अलेक्झांडर प्रतिनिधिगृहात परतला. त्याच वर्षी इकडे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. त्या लोकांत थॅडियस येतो. अलेक्झांडर कधीच येत नाही.

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसद भवनात, मात्र पुतळा आहे तो अलेक्झांडरचा, संगमरवरी, बसलेला, जॉर्जियाने 1927 मध्ये दिलेला. थॅडियसला भेटायचं तर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या एका लहानशा दफनभूमीत जावं लागतं. इतर दफनभूमींच्या नियमांत काळ्यांना जागा नव्हती, म्हणून त्याने ही निवडली. थडग्यावर तसं कोरलेलंही आहे: एकांताची आवड म्हणून मी इथे विसावलेलो नाही, जे तत्त्व आयुष्यभर मांडलं, ते मरणातूनही दाखवता यावं म्हणून ही जागा निवडली. ते तत्त्व म्हणजे निर्मात्यापुढे माणसांची समानता.