पार्कर, आयझॅक चार्ल्स

पार्कर, आयझॅक चार्ल्स : (१५ ऑक्टोबर १८३८–१७ नोव्हेंबर १८९६). अमेरिकन संघीय न्यायाधीश. जन्म ओहायओतील बेलमाँट काउंटीत. १८५९ मध्ये सनद घेऊन मिसूरीतील सेंट जोसेफ येथे वकिली. १८७१–७५ प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन सदस्य. १८७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी आर्कॅन्सॉच्या पश्चिम जिल्हा न्यायालयावर नेमले.

फोर्ट स्मिथ येथील या न्यायालयाच्या कक्षेत शेजारचा इंडियन टेरिटरी (मूळ अमेरिकन जमातींचा प्रदेश; आजचा ओक्लाहोमा) येई. जमातींच्या न्यायालयांना गोऱ्या आरोपींवर अधिकार नसल्याने तिथले असंख्य खटले पार्करांपुढे येत. लष्कराच्या जुन्या बराकीत वर न्यायदान चाले आणि खाली तळघरात कैदी कोंडलेले असत. ३ सप्टेंबर १८७५ रोजी एकाच वधस्तंभावर सहा जणांना एकत्र फाशी दिल्यावर ‘फाशीवाला न्यायाधीश’ ही ओळख पक्की झाली.

फाशींच्या संख्येबाबत एकमत नाही. जुन्या लेखनात ती ८८ पर्यंत जाते; अलीकडे १६० जणांना शिक्षा व ७९ जणांच्या शिक्षेची अंमलबजावणी हे आकडे मानतात आणि ते अधिक ग्राह्य दिसतात. उरलेल्यांपैकी काहींची शिक्षा राष्ट्राध्यक्षांनी कमी केली, तर काहींना नव्याने खटला मिळाला. मात्र खून व बलात्कार यांना त्या वेळच्या संघीय कायद्यात मृत्युदंडच होता. दोष सिद्ध झाल्यावर न्यायाधीशाला पर्याय नसे. टोपणनावामुळे ही बाब झाकोळली जाते.

१८८९ पर्यंत या शिक्षांविरुद्ध अपीलच नव्हते. त्या वर्षीच्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले आणि तिथे पोचलेल्या मृत्युदंडाच्या सुमारे दोन-तृतीयांश प्रकरणांत निकाल फिरले. आक्षेप मुख्यतः पार्करांनी ज्यूरीला केलेल्या लांबलचक, एकतर्फी निवेदनांवर होता. बिअर्ड खटल्यात (१८९५) स्वसंरक्षणार्थ बळ वापरण्याआधी मागे हटण्याचे बंधन स्वतःच्या आवारात असलेल्या माणसावर नाही, असे ठरले. ॲलन खटल्यात (१८९६) मात्र पार्करांची सरशी झाली : मतभेदात अडकलेल्या ज्यूरीतील अल्पमताने आपल्या मताचा फेरविचार करावा, ही त्यांची सूचना वैध ठरली. ‘ॲलन निवेदन’ या नावाने ती आजही वादाचा विषय आहे.

१ सप्टेंबर १८९६ रोजी न्यायालयाचा इंडियन टेरिटरीवरील अधिकार संपला, तेव्हा पार्कर अंथरुणाला खिळले होते. अडीच महिन्यांनी फोर्ट स्मिथ येथे निधन. दफन तिथल्याच राष्ट्रीय दफनभूमीत.