चार लाख बाट खात्यात कधी आले पाहिजेत?
थाई पत्नी किंवा मूल असलेल्या आमच्या भारतीय ग्राहकांसाठी

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मूळ गोष्टी माहीत असतात. थायलंडमध्ये कुटुंबासोबत राहण्यासाठी आधी नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा, त्यावर ९० दिवसांचा मुक्काम, आणि तो संपण्याआधी इमिग्रेशनमध्ये टी.एम. ७ अर्ज देऊन एका वर्षाची मुदतवाढ. सरकारी शुल्क १,९०० बाट. पत्नी थाई असेल तर नवऱ्याच्या थाई बँकेतल्या खात्यात ४ लाख बाट, नाहीतर महिना ४० हजार बाट उत्पन्न. (आपल्याकडची मुलगी आणि नवरा थाई असेल, तर तिला ही पैशाची अट नाही.) इथपर्यंत कुणाचे अडत नाही. अडते ते पुढे, एकाच ठिकाणी: पैसे असतात, पण उशिरा आलेले असतात.

अर्जाच्या दिवसाआधीचे सलग दोन महिने शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये, असा नियम आहे. पहिल्या वर्षी तुमच्या हातात मुळात ९० दिवस. त्यातले दोन महिने वजा केले की खाते उघडून पैसे आणायला जेमतेम एक महिना उरतो. १ जूनला उतरलात तर पासपोर्टवर २९ ऑगस्टची तारीख पडते. म्हणजे पैसे उशिरात उशिरा २९ जूनला जमा व्हायला हवेत, आणि एखादा कागद कमी निघाला तर पुन्हा रांगेत उभे राहायला वेळ हवा म्हणून आम्ही जूनचा तिसरा आठवडा धरतो. शेवटची तारीख शनिवार-रविवारी किंवा एप्रिलात १३ ते १५ च्या सोंगक्रानमध्ये येत असेल तर आणखी आधी. जुलैच्या मध्यावर येऊन “सगळी तयारी झाली, पैसे परवाच पाठवले” असे सांगणाऱ्यासाठी खिडकीवरचा अधिकारी काहीही करू शकत नाही. आम्हीही नाही.

पैसे वेळेत येऊनही मोजणी बिघडते, त्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले कारण जोडखाते. घरातले खाते दोघांच्या नावावर ठेवायची आपली सवय चांगलीच आहे, पण इथे खाते फक्त अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर लागते. दुसरे, खात्यात मोजून ४ लाखच ठेवणे. मग डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क कापले जाते, शिल्लक दोन-तीनशे बाटनी खाली येते आणि दोन महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्या खात्याला कार्ड घेऊ नका, वीजबिल जोडू नका, आणि १० हजार बाट जास्तच ठेवा. भारतातून पाठवतानाही रक्कम वाढवूनच पाठवा, कारण मधल्या बँका आपले शुल्क कापून उरलेले पुढे ढकलतात.

भारतातल्या बँकेचाही वेळ धरा. ४ लाख बाट म्हणजे आजच्या भावाने १० लाख रुपयांच्या पुढची रक्कम. निवासी भारतीयाने एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त पाठवले की वरच्या रकमेवर टी.सी.एस. (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) घेतला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण पाठवण्याच्या दिवशी तेवढे पैसे हाताशी लागतात. एन.आर.ओ. खात्यातून (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून) पाठवणार असाल तर सी.ए.चा दाखला आधी काढून ठेवा. ही कामे पुण्या-नाशकातल्या शाखेत एका दिवसात होतील असे धरून चालू नका.

वेळ चुकलीच असेल तर एक मार्ग आहे. थाई पत्नीला किंवा मुलाला भेटण्याच्या कारणावरून ६० दिवसांची वाढ मिळते आणि तिला बँकेतल्या पैशाची अट नसते. आम्ही अनेकांना याच मार्गाने सावरून घेतले आहे. मात्र १,९०० बाट पुन्हा भरावे लागतात, कागद पुन्हा जोडावे लागतात आणि पत्नीला कामावरून आणखी एक रजा काढावी लागते, कारण तिला स्वतः हजर राहावेच लागते.

“काही एजंट ४ लाख बाट तात्पुरते खात्यात भरून देतात, तुम्ही का नाही देत?” असे आम्हाला वरचेवर विचारले जाते. आम्ही देत नाही आणि देणार नाही. उसन्या शिलकेवर उभा केलेला अर्ज चौकशीत सापडला तर एजंट बाजूला होतो आणि पासपोर्ट तुमचा असतो. पुढची सगळी वर्षे तुम्हाला त्याच कचेरीत जायचे आहे.

विवाहाच्या कागदांत कोर रोर ३ आणि कोर रोर २ यांची गल्लत होते. घरी जपून ठेवलेला नक्षीदार दाखला म्हणजे कोर रोर ३. इमिग्रेशनला त्यासोबत कोर रोर २ ही विवाह नोंदवहीतली नोंद लागते, आणि तीही आम्फूरमधून नव्याने काढलेली. (आम्फूर म्हणजे आपल्या तहसीलसारखी कचेरी, बँकॉकमध्ये खेत.) लग्न भारतात नोंदवले असेल तर त्या दाखल्यावर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि थाई वकिलात यांचे शिक्के, मग थाई भाषांतर, मग चेंग वत्थनाच्या कॉन्सुलर विभागाचे प्रमाणन, आणि शेवटी आम्फूरमध्ये कोर रोर २२ ही नोंद. फक्त बौद्ध मंदिरात किंवा मांडवात झालेले लग्न इथल्या कायद्यात लग्न धरले जात नाही. नोंदणी हवीच.

मुलाच्या आधारावर अर्ज करणाऱ्या वडिलांनी पुढचे नीट वाचावे. जन्मदाखल्यावर वडील म्हणून नाव आहे, एवढ्याने तुम्ही कायद्याने वडील ठरत नाही. आई-वडिलांचे नोंदणीकृत लग्न नसेल तर थाई दिवाणी संहितेच्या कलम १५४६ प्रमाणे मूल कायद्याने आईचे. कलम १५४७ तीन वाटा देते: नंतर लग्न करणे, आई आणि मूल या दोघांच्या संमतीने आम्फूरमध्ये नोंद करणे, किंवा न्यायालयाचा निकाल. तान्ह्या मुलाला संमती देता येत नाही, त्यामुळे दुसरी वाट बंद होते आणि न्यायालयातच जावे लागते. तुम्ही दोघे लग्न करणारच असाल तर ते आधी नोंदवा. आमची फी त्यात कमी होते, तरी सल्ला हाच.

उरलेले थोडक्यात. घराचा क्रमांक दिसेल असे दोघांचे फोटो, घरातले फोटो, हाताने काढलेला चालेल असा नकाशा, पत्नीचे ओळखपत्र आणि ताबियन बान (घराच्या नोंदणीचे पुस्तक). पत्त्याची टी.एम. ३० नोंद आधी झालेली असावी. बँकेचे पत्र ताजे हवे आणि पासबुक अर्जाच्या दिवशी सकाळीच भरून आणावे.

अर्ज दिला की साधारण ३० दिवसांचा “विचाराधीन” शिक्का मिळतो. त्या काळात अधिकारी घरी येऊन जाऊ शकतात. एक वर्षाचा शिक्का पडेपर्यंत खात्याला हात लावू नका. त्यानंतर गणपतीला घरी जायचे असेल तर आधी री-एंट्री परमिट घ्या: एका वेळेसाठी १,००० बाट, अनेक वेळांसाठी ३,८००. ते न घेता देश सोडलात तर मुदतवाढ तिथेच संपते.

पहिल्या भेटीला पासपोर्ट आणि पासबुक दोन्ही आणा. पासबुक पाहिल्याशिवाय आम्ही अर्जाची तारीख सांगत नाही. काहींना ते खटकते, पण अंदाजाने दिलेली तारीख तुम्हालाच महागात पडते. तारखांचा तक्ता आम्ही तिथेच बसून करून देतो, त्याचे पैसे घेत नाही, मग पुढचे काम आमच्याकडे द्या किंवा स्वतः करा. थायलंडला निघण्याआधी फोनवर विचारलेत तर उत्तम.