फियाट घरी खोलण्याआधी हे वाचा

नमस्कार,

जुनी गाडी डिलाइट मॉडेलची असो, प्रेसिडेंट असो की पद्मिनी, आपल्याकडे सगळ्यांना फियाटच म्हणतात, म्हणून आम्हीही इथे तेच म्हणतो. आजोबांची किंवा सासऱ्यांची फियाट घरच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हातानं खोलून, दुरुस्त करून पुन्हा उभी करायची हौस अलीकडे चांगलीच वाढली आहे. आमचा तिला विरोध नाही, उलट त्यावरच आमचं पोट आहे. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपच्या दारात टेम्पो थांबतो, त्यातून आधी मोकळी बॉडी उतरते, मग इंजिनचा ब्लॉक, मग चार पोती. पाठोपाठ प्रश्न येतो, "किती दिवसांत होईल?" उत्तर बहुतेक वेळा त्या पोत्यांवर अवलंबून असतं. सगळ्यांना तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा छापून ठेवलेलं बरं.

पोत्यांचं दुखणं

गाडी खोलणं सोपं असतं. शनिवार-रविवार, दोन मित्र, पान्ह्यांचा सेट, की झालं. निघेल ते पोत्यात. अडतं ते परत बसवताना, आणि ते काम तुम्ही आमच्याकडे दिलेलं असतं.

फियाटचं 1089 सीसीचं इंजिन साधं आहे, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, आठ पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या). दिसायला सगळे पुशरॉड सारखेच. पण प्रत्येक पुशरॉड आपल्या खालच्या टॅपेटवर आणि वरच्या रॉकरवर वर्षानुवर्षं घासून तिथलाच झालेला असतो. अदलाबदल झाली की आवाज येतो, झीज वाढते, आणि ग्राहक म्हणतो, "इंजिन तुम्ही बांधलं, मग टकटक कसली?" क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, ज्या मेन बेअरिंगमध्ये फिरतो त्यांच्या कॅपचं तर याहून वाईट. कॅप आणि ब्लॉक कारखान्यात एकत्र बोअर केलेले असतात. मधली कॅप पुढे किंवा तीच कॅप उलटी बसवली तर बोल्ट आवळल्यावर क्रँक हातानं फिरत नाही. कनेक्टिंग रॉडच्या कॅपचंही तेच. खुणा नसतील तर मग मोजत बसा, जुळवून बघत बसा, आणि तरी खात्री नसेल तर परत बोअरिंग करा. पुढचं सस्पेन्शन खोललंत तर विशबोनच्या (चाक धरणाऱ्या आर्मच्या) मुळाशी पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, निघतात. कुठल्या बाजूला किती होत्या हे कुणी लिहून ठेवत नाही. शिम चुकल्या की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर आतून खाते.

म्हणून पोत्यातल्या मालाची वर्गवारी आम्ही तासावर लावतो आणि बिलात तिची ओळ वेगळी दाखवतो. या ओळीवरून आमच्याशी सगळ्यांत जास्त भांडणं होतात. आमचं म्हणणं एवढंच की लेथवरचा माणूस एक अख्खा दिवस नट-बोल्ट निवडत बसला तर त्याची हजेरी कुणीतरी द्यायलाच हवी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ नये असं वाटत असेल तर हा मसाला तुमच्याच हातात आहे.

खोलताना काय करायचं

प्लास्टिकच्या पिशवीवर स्केचपेननं लिहू नका. माल आमच्याकडे आला की रॉकेलमध्ये धुतला जातो आणि शाई त्यात उतरते. नाव पुसलेल्या पिशव्या घेऊन आम्ही आणि तुम्ही दोघंही उभे राहतो. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनची बोटाएवढी पट्टी कापा, मऊ पुठ्ठ्यावर ठेवून बॉलपेननं जोर देऊन लिहा आणि तारेनं बांधा. रॉकेल, पेट्रोल, ग्रीस, काहीही लागलं तरी अक्षर जात नाही. पट्टीच्या कडा बोट कापतात, तेवढ्या दुमडा. हा खटाटोप नको असेल तर काउंटरवर नंबर ठोकलेल्या टॅगचा डबा आहे. काम आमच्याकडे देणार असाल तर मोफत न्या.

पुशरॉडसाठी बुटाच्या खोक्याचं झाकण घ्या. एका ओळीत आठ भोकं पाडा, एका टोकाला "रेडिएटर" असं लिहा आणि निघतील तसे भोकात उभे करत जा. वॉटर पंपासाठी पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढा, बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच जागी पुठ्ठ्यात खोचा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की अॅल्युमिनियमचे आटे जातात. मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा, म्हणजे पुन्हा आमच्याकडेच या. धंद्याच्या दृष्टीनं वाईट नाही, पण असलं काम आम्हाला आवडत नाही.

फोटो काढा, पण पान्हा लावायच्या आधी. भाग हातात आल्यावर काढलेल्या फोटोवरून काही कळत नाही. वायरिंगचा फोटो तर एकट्यानं पुरतच नाही. पन्नास वर्षांच्या धुळीत लाल, तपकिरी आणि काळी वायर एकाच रंगाची दिसते. वायर कापू नका, दोन्ही टोकांना एकच नंबर बांधून सोडवा.

आणि सगळी गाडी एकदम खोलू नका. आधी ब्रेक, ते पूर्ण बसवले की सस्पेन्शन, मग इंजिन. एक खोली रंगवून झाली की दुसरीतलं सामान हलवतात, तसं.

पत्र्याविषयी थोडंसं पण महत्त्वाचं

या गाडीला वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा आहे. म्हणून फ्लोअर आणि दारांखालचा फूटबोर्ड गंजलेला असेल तर ग्राइंडर घेऊन लगेच कापायला बसू नका. दारं जागेवर असू द्या, त्यांच्या फटी चारी बाजूंनी मोजून लिहून ठेवा, आत आडवे-तिरपे अँगल वेल्ड करा आणि मगच एका बाजूचा पत्रा कापा. आधार न देता दोन्ही बाजू कापल्या की बॉडी मधून बसते. नवा पत्रा सुंदर लागतो, पण दार लागत नाही.

गंजावर पुट्टी भरून वर रंग मारून आणलेल्या गाड्याही येतात. आधी कळस, मग पाया. तसा रंग आम्ही खरवडूनच काढतो, त्यावर दुसरा हात मारत नाही. यावरून दोन-चार ग्राहक तुटलेही, पण वर्षभरात फुगून येणाऱ्या रंगाची हमी आम्हाला देता येत नाही.

घरी करू नये अशी कामं

पेट्रोलची टाकी वेल्ड करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आतली वाफ पेटते. पुढची कॉइल स्प्रिंग ती दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय सोडवू नका, ती सुटली तर हात मोडते. जुन्या ब्रेकलायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर) न खोललेलंच बरं.

वर्षानुवर्षं बंद इंजिन थेट बॅटरी लावून स्टार्टरनं फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा, दोन-चार दिवस थांबा, मग क्रँकच्या पुलीवर पान्हा लावून हातानं हळूहळू फिरवा. फिरलं नाही तर जोर लावू नका, आहे तसं आणा. पिस्टनच्या अडकलेल्या रिंगा आम्ही सोडवतो, पण जोर लावून वाकवलेला रॉड बदलावाच लागतो.

एक नवीन तक्रार पेट्रोलची. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) मऊ पडतात, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. गाडी पुन्हा उभी करणार असाल तर इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि डायफ्रॅम आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, पण जुनं रबर ठेवू नका. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा.

कागदपत्रं

गाडी पन्नास वर्षांची झाली की 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात "व्हीए" अक्षरं. पद्मिनी हे नाव 1974 साली आलं, त्यामुळे पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी गाठली आहे. पण घाई करण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. अशी गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती वगैरेंसाठीच रस्त्यावर आणता येते. आणि बॉडी, चेसिस, इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसावा लागतो. ज्यांना रविवारी पन्हाळ्याला जायचंय आणि सोमवारी ऑफिसला, त्यांनी साधी नोंदणीच नूतनीकरण करून घ्यावी.

चेसिस नंबर कोरलेला पत्रा आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर, यांना ग्राइंडर किंवा सँडब्लास्ट लावू नका. नंबर अस्पष्ट झाला की पुढची धावपळ आम्हाला करून देता येत नाही. रंग बदलायचा असेल तर आरसीत नोंद करावी लागते, हेही पुष्कळांना रंग मारून झाल्यावर कळतं. शक्यतो मूळ रंगच ठेवा. मूळ छटा सापडावी म्हणून डिकीच्या रबराखालचा पत्र्याचा भाग खरवडू नका, तिथे ऊन लागलेलं नसतं. तुकडा न कापता आम्ही तिथूनच छटा जुळवतो.

आमच्याकडे आणताना

शक्य असेल तर गाडी न खोलताच आणा किंवा फोटो पाठवा. पहिल्या पाहणीचे पैसे आम्ही घेत नाही. घरीच खोलायची असेल तर सुरुवात करण्याआधी एक तास येऊन बसा, कुठला भाग तुम्हाला जमेल आणि कुठला आमच्याकडे द्यावा हे दाखवतो. अंदाजपत्रक टप्प्याटप्प्यानं देतो, उक्तं काम घेत नाही. खोलल्याशिवाय आतला गंज कुणालाच दिसत नाही आणि उक्त्यात तो एकतर तुमच्या खिशातून जातो, नाहीतर आमच्या.

ब्लॉक आणि गिअरबॉक्स उतरवायला चेनपुली आहे, पण टेम्पो कधी येणार ते आदल्या दिवशी फोन करून सांगा. सोमवारी बंद. टॅगचा डबा काउंटरच्या डाव्या बाजूला आहे. विचारायची गरज नाही, लागतील तेवढे घ्या.