अँड्रॉइड स्टुडिओतले स्वतःचे टेम्प्लेट : पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२० मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ या अ‍ॅप बनवण्याच्या गूगलच्या साधनाची ४.१ ही आवृत्ती आली आणि कित्येक टीमनी वर्षानुवर्षे जपलेले टेम्प्लेट, म्हणजे नव्या फाइलींचे तयार साचे, 'न्यू'च्या मेनूतून गायब झाले. टेम्प्लेटचा फोल्डर पूर्वीच्याच जागी ठेवला तरी स्टुडिओ तो वाचेना. असं का झालं, हे कळायला स्टुडिओआधीच्या एक्लिप्स या साधनाच्या काळापर्यंत मागे जावं लागतं.

जून २०१२ मध्ये एक्लिप्ससाठीच्या एडीटी या अँड्रॉइड प्लगइनची (जोड-सॉफ्टवेअरची) विसावी आवृत्ती आली. नवा प्रोजेक्ट टेम्प्लेटवरून उभा करण्याची सोय तिने दिली. त्यामागे फ्रीमार्कर हे जावातलं टेम्प्लेट इंजिन होतं. मे २०१३ मध्ये गूगलने इंटेलिजे आयडिया या कोड लिहिण्याच्या साधनावर बेतलेला अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला, तेव्हा हीच रचना त्यात आली.

रचना मोठी सुबक होती. एका एक्सएमएल फाइलमध्ये विझार्डने (टप्प्याटप्प्याने माहिती विचारणाऱ्या खिडकीने) वापरकर्त्याला काय काय विचारायचं ते लिहायचं. दुसरी फाइल 'रेसिपी'ची : कोणती फाइल तयार करायची, कोणती आधीच्या मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या घटकांची नोंद असलेल्या फाइलमध्ये) मिसळायची, शेवटी कोणती उघडून दाखवायची. 'मेनअ‍ॅक्टिव्हिटी' असं नाव टाइप करताच लेआउटचं, म्हणजे स्क्रीनच्या मांडणीच्या फाइलचं, 'अ‍ॅक्टिव्हिटी_मेन' हे नाव आपोआप सुचायचं, तेही इथूनच.

टेम्प्लेटचे हे फोल्डर स्टुडिओच्या इन्स्टॉलेशनमध्येच उघडे पडलेले असत. लोकांनी एखाद्याची कॉपी केली, आतला कोड बदलला आणि आपलं टेम्प्लेट बनवलं. एमव्हीपी, एमव्हीव्हीएमसारख्या कोड विभागून मांडण्याच्या पद्धतींत एका स्क्रीनसाठी चार-पाच फाइली लागतात. त्या एका क्लिकवर, टीमने ठरवलेल्याच नावांनी तयार होऊ लागल्या. नवख्या डेव्हलपरला टीमची शिस्त पहिल्याच दिवशी हातात मिळे, आणि माझ्या मते टेम्प्लेटचं खरं मोल तेच. पण या वाटेला अधिकृत आधार कधीच नव्हता. स्टुडिओ नव्याने इन्स्टॉल केला की फोल्डर पुन्हा नेऊन ठेवावे लागत.

तिकडे गूगलच्या स्वतःच्या टेम्प्लेटचाही गुंता वाढत होता. २०१७ मध्ये कोटलिन या भाषेला अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता मिळाली, तेव्हा जावा आणि कोटलिन अशा दोन-दोन प्रती सांभाळाव्या लागल्या. २०१८ मध्ये अँड्रॉइडएक्स हा नवा लायब्ररी-संच आला आणि जुनी लायब्ररी की नवी, या अटी ओळीओळीत घुसल्या. फ्रीमार्करची फाइल म्हणजे शेवटी साधा मजकूर. त्यातली चूक कंपायलरला दिसत नाही, प्रोजेक्ट तयार झाल्यावरच कळते. म्हणून ४.१ मध्ये सगळे टेम्प्लेट कोटलिन कोडमध्ये आले आणि फ्रीमार्करचा आधार काढला गेला.

तांत्रिकदृष्ट्या निर्णय योग्यच होता. बाहेरच्या लोकांसाठी मात्र तितकीच सोपी वाट ठेवायला हवी होती. उरला तो 'विझार्डटेम्प्लेटप्रोव्हायडर' हा एक्स्टेन्शन पॉइंट, म्हणजे बाहेरचं प्लगइन स्टुडिओला जोडण्याची जागा. म्हणजे फोल्डर कॉपी करण्याइतक्या कामासाठी आता इंटेलिजेचं अख्खं प्लगइन लिहायचं. सुरुवातीला तर त्यासाठी स्टुडिओच्याच पोटातली एक जार फाइल (तयार कोडचा गठ्ठा) काढून आपल्या प्रोजेक्टमध्ये आणावी लागे.

सगळा प्रोजेक्टच साच्यातून हवा असेल, तर गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरची टेम्प्लेट रिपॉझिटरी (कॉपी करून नवा प्रोजेक्ट सुरू करता येईल असा कोडसंच) आज पुरते. ती सोय २०१९ पासून आहे. एकेका फाइलसाठी इंटेलिजेचे 'फाइल अँड कोड टेम्प्लेट्स' आहेत. ते व्हेलॉसिटी या इंजिनावर चालतात, मॅनिफेस्टला हात लावत नाहीत, पण प्रोजेक्टच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या '.आयडिया' फोल्डरमध्ये साठवता येतात. त्यामुळे गिटमधून सगळ्या टीमपर्यंत पोचतात आणि स्टुडिओ बदलला तरी टिकतात.